वर सॉफ्टवेअर, खाली दळण

पिंप्राळ्यात आमच्या मागच्या गल्लीत पिठाची चक्की होती. चक्कीवर एक मजला, आणि त्या मजल्याच्या कठड्याला पत्र्याची पाटी: ‘वर सॉफ्टवेअर, खाली दळण’. निवृत्त झाल्यावर दोन महिने मी ती पाटी रोज येता-जाता वाचली. छत्तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला पाटी दिसली की आधी तिच्यातली चूक शोधायची सवय असते. या पाटीत चूक सापडत नव्हती, म्हणून तिच्यावर माझा जास्तच राग.

मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते, म्हणजे आजच्या मानानं पोरसवदाच. गुडघे माझं ऐकायचे आणि जगानंही ऐकावं असं मला वाटायचं. मुख्याध्यापिकेची खुर्ची गेली होती, पण आवाज राहिला होता. तो मी घरात वापरायला सुरुवात केली. नातवंडांना जेवायला बसवताना ‘सावधान’ म्हणायचे. सून गरीब. तिनं दोन महिने सोसलं आणि मग एका सकाळी गव्हाचा डबा माझ्या हातात देऊन म्हणाली, “आई, दळण टाकून या. आणि यायची घाई करू नका.”

डबा खाली ठेवून मी वर गेले ती अशी.

वर एक चाळिशीचा माणूस उकिडवा बसून उघड्या कॉम्प्युटरमध्ये नाक खुपसत होता.

“काय चाललंय हे?” वर्गात शिरताना विचारायचे तसं मी विचारलं.

“वास घेतोय, अक्का.”

“कसला?”

“जळका. येत नाहीये. म्हणजे मशीन बरं आहे, चूक आमची आहे. दळण खाली हं.”

हे सुधाकरभाऊ. मूळचे सोनगीरचे. तिथं ते विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचे. बिघाड नाकानं ओळखायची सवय तिथली. कॉम्प्युटर कुठं शिकलात, असं विचारलं की सांगत, “एक बंद पडलेला आला होता दुकानात. मालक न्यायला परत आलाच नाही. मग काय करता? घरात बसवलाय तर त्याच्याशी बोलायला नको?” यातलं खरं किती आणि थट्टा किती, हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं असंही नाही.

त्याच वेळी टेबलावरचा फोन वाजला. भाऊंचे हात कॉम्प्युटरच्या पोटात. मी उचलला.

“कोण बोलतंय? पूर्ण नाव सांगा. बंद आहे म्हणजे काय? कधीपासून? आधी काय काय केलंत? काहीच नाही? मग आधी उठा, सगळी बटणं बघा, आणि नीट वाक्यात सांगता येईल तेव्हा फोन करा.” आणि ठेवून दिला.

दहा मिनिटांनी त्याच माणसाचा परत फोन. भिंतीवरचं बटणच बंद होतं म्हणाला, आणि वर माझी माफी मागितली.

भाऊ माझ्याकडे पाहतच राहिले. “उद्यापासून येता का, अक्का?”

आपल्याला या कंपनीचं व्यवस्थापक नेमलं आहे अशा समजुतीत मी वर्षभर तिथं वावरले. हजेरीपट आणला. दीपालीला, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलीला, उशीर झाला की दाराशी उभी करायचे. आम्ही एकूण तिघंच होतो. मला फोन उचलायला ठेवलंय, हे दीपालीला माहीत होतं, खालच्या चक्कीवाल्याला माहीत होतं, दळणाला येणाऱ्या बायांनाही माहीत होतं. परवा नात म्हणाली, “आजी, तू स्टार्टअपमध्ये होतीस?” मी म्हटलं, मला काय ठाऊक, आम्ही तर सगळे पिठात होतो.

पीठ खरोखरच होतं. कळफलकावर, वायरींवर, पाण्याच्या माठावर. दुपारी चक्की सुरू झाली की टेबलं थरथरायची आणि संध्याकाळपर्यंत बावीस वर्षांच्या दीपालीचे केस माझ्यासारखे दिसायचे. लोक दळणाचे डबे घेऊन वर यायचे आणि ज्यांना सॉफ्टवेअर हवं ते खाली रांगेत बसायचे. मी भाऊंना म्हटलं, जागा बदला. ते म्हणाले, “अक्का, दळणाच्या रांगेत माणूस खरं बोलतो. ऑफिसात खुर्चीवर बसवलं की मोठं बोलायला लागतो.”

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं, “भाऊ, आपण नक्की विकतो काय?”

“समजलं नाही. परत सांगा.”

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक आलं, आपली अडचण सांगून मोकळं झालं, की भाऊ प्रसन्न चेहऱ्यानं म्हणायचे, “समजलं नाही. परत सांगा.” दुसऱ्यांदा सांगितलं की, “अजून एकदा.” तिसऱ्या खेपेला गिऱ्हाईक पहिल्यापेक्षा वेगळंच काहीतरी सांगायचं, आणि मग भाऊ वहीत लिहायला घ्यायचे. माझ्या शाळेत ‘समजलं नाही’ म्हणणारी मुलगी बाकावर उभी राहायची. इथं मालकच दिवसातून वीसदा म्हणतो. मी मनात ठरवून टाकलं, माणूस मंद आहे, पण मनानं चांगला आहे, आपल्याला सांभाळून घ्यावं लागेल.

सांभाळून घेण्याच्या भरात मी एकदा टेबलावर पडलेले चाळीस कागद घरी नेले. दीपालीनं लिहिलेला प्रोग्राम होता तो. इंग्रजीत होता, पण कसलं ते इंग्रजी! वाक्याला शेपूट नाही, कुठंही कंस उघडलेले, कर्ता-कर्म बेपत्ता. दोन दुपारी बसून मी लाल पेनानं सगळा तपासला. समासात शेरे मारले: ‘विचार अपूर्ण’, ‘अक्षर गचाळ’ (छापील होतं, पण मारला), ‘हे आधी सांगून झालं आहे, परत कशाला?’ शेवटच्या पानावर शंभरपैकी एकोणतीस.

दीपाली डोळे मिटून गप्प बसली. हसू दाबत होती, हे मला पुढं तिच्या लग्नात कळलं. भाऊंनी मात्र चाळीसही पानं वाचली, एकेक शेरा. मधेच थांबले. “दीपाली, इकडं बघ. अक्का म्हणतात, हे आधी सांगून झालंय.”

दीपालीनं पाहिलं आणि उठून उभीच राहिली. तीन आठवडे एका शाळेच्या निकालात चार मुलींची नावं दोन-दोनदा येत होती, त्याचं मूळ तिथं होतं म्हणे. भाऊंनी मला खालून भजी आणून दिली. मी महिनाभर मान ताठ ठेवून चालले. मी काय पकडलं होतं, ते मला आजही माहीत नाही.

भाऊंची दुसरी रीत मला त्याहून अवघड गेली. कोणाचंही काम घेतलं की ते आधी आठ दिवस त्या ठिकाणी जाऊन बसायचे आणि तिथलं काम हातानं करायचे. एका डॉक्टरांना रुग्णांचे नंबर लावायला सॉफ्टवेअर हवं होतं. भाऊ आठ दिवस त्यांच्या दवाखान्यात चिठ्ठ्या फाडत बसले, खोकणाऱ्यांना पाणी दिलं, रडणारी पोरं धरली. नवव्या दिवशी डॉक्टरांना म्हणाले, “साहेब, तुम्हाला सॉफ्टवेअर नको. तुमचा दरवाजा चुकीच्या बाजूला उघडतो. तो डावीकडं घ्या आणि बाहेर दोन बाक टाका.”

डॉक्टरांनी तसं केलं. गर्दी मिटली. आमचं कामही मिटलं.

“भाऊ,” मी म्हटलं, “हे असं चाललं तर आपण सुतार म्हणून पाटी लावू.”

“लावू की. दरवाजा चांगला बसला पण, नाही का?”

मी कपाळाला हात लावला. हे भोळेपण म्हणावं की माज, की मोटारीच्या धुरानं काही झालंय? मी रोज एक ठरवायचे आणि दुसऱ्या दिवशी बदलायचे.

अशात डालमिलचं काम आलं. शहराबाहेरच्या वसाहतीतली मोठी गिरणी. त्यांची तूर तेल-पाणी लावून अंगणात उन्हात वाळत घालतात, बाया पायांनी ओढत ओढत ती उलटी-पालटी करतात, आणि पुरती वाळली की मग मशीनमध्ये जाते. जरा ओली गेली तर साल सुटत नाही आणि डाळीचा चुरा होतो. शेठना पाहिजे होतं की कोणता ढीग कधी वाळला आणि कधी आत गेला, हे स्क्रीनवर दिसावं. एक हंगाम चालवून बघतो म्हणाले. नीट चाललं तर त्यांच्या नात्यातल्या आणखी तीन गिरण्या घेणार होत्या. तोवर आमची बाकीची कामं आटत आली होती. भाऊ पहिल्यांदाच स्पष्ट बोलले, “अक्का, ही गिरणी टिकली तर आपण टिकलो. नाहीतर पाटीवरची वरची ओळ खोडायची.”

भाऊ आठ दिवस अंगणात जाऊन बसले. परत आले ते केवळबाईचं नाव घेऊनच. केवळबाई त्या बायांची मुकादम, अमळनेरकडची, साठीच्या पुढची. ढिगातून मूठभर तूर घ्यायची, कडुनिंबाखाली जाऊन बसायची, आणि थोड्या वेळानं पदराआडून म्हणायची, “हां, जाऊ दे,” नाहीतर, “नही, अजून ऊन दे.” वीस वर्षं गिरणी तिच्या शब्दावर चालत होती. दाताखाली दाणा धरून बघते, असं सगळे म्हणायचे. भाऊंनी ओलावा मोजायचं यंत्र जोडलं, पण नियम असा ठेवला की यंत्राचं आणि केवळबाईचं जुळलं नाही तर केवळबाईचं धरायचं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून दीपालीनं तिच्यासाठी ‘जाऊ दे’च्या बटणावर चित्र काढलं: छान दोन ओळी पांढरे दात.

स्क्रीन बसवायच्या आठवड्यात भाऊंच्या आईला धुळ्याला दवाखान्यात ठेवलं होतं. ते तिकडं, आणि इकडं मी. गिरणीच्या माणसानं विचारलं, स्क्रीन कुठं लावायचा? भाऊ जाताना म्हणाले होते, कडुनिंबाजवळ, केवळबाई बसते तिथं. मी जाऊन पाहिलं. झाडाखाली धूळ, कावळे, बाया पाय पसरून बसलेल्या. शिस्तीचं नाव नाही. मी स्क्रीन मशीनच्या दाराशी भिंतीवर लावून घेतला. समोर चुन्याची रेघ मारली. मुकादमीण पुढं, बाकीच्या बाया तिच्यामागं ओळीनं. काय सुंदर दिसत होतं! मी फोटोही काढला.

बाराव्या दिवशी अख्ख्या ढिगाचा चुरा झाला.

शेठचा फोन मीच घेतला. पूर्ण नाव विचारायचं धाडस झालं नाही. दीपालीनं नोंदी काढल्या. यंत्र त्या सकाळी ‘थांबा’ म्हणत होतं आणि केवळबाईनं दातांचं बटण दाबलं होतं. मी तो कागद घेऊन त्या ओळीखाली लाल रेघ मारली. दूध का दूध, पाणी का पाणी. भाऊ धुळ्याहून परस्पर गिरणीवर आले, तेव्हा मी फाटकातच कागद त्यांच्या हातात दिला. “घ्या. आपण सुटलो. बाईची चूक.”

भाऊंनी कागद वाचला. “समजलं नाही,” म्हणाले, आणि शेठकडं न जाता अंगणात गेले. मी मागं. केवळबाई उन्हात उभी होती. आपल्याला घरी बसवणार हे तिला कळलेलं होतं. भाऊ तिच्यापाशी जमिनीवर बसले. तीही बसली.

“केवळमावशी, त्या दिवशी दाणा दाताखाली धरला होता ना?”

तिनं आधी आजूबाजूला बाया नाहीत ना ते पाहिलं. मग तिनं तोंडावरचा पदर खाली घेतला. “भाऊ, दात कोठे शेत माले? चार वरीस व्हयनात.”

तोंडात एकही दात नव्हता. भाऊ थोडे पुढं सरकले.

“मग कसं ओळखता तुम्ही?”

“कान लाईसन. मूठमा दाना हालाडस. वाळेल व्हई ते वाजस, नही ते नही.”

कानाशी मूठ धरून हलवायची, वाळलेला दाणा खडखडतो. त्यासाठी ती झाडाखाली, आवाजापासून लांब जाऊन बसायची.

“मग त्या दिवशी?”

“मशीनजोडे काय ऐकू येई, भाऊ?” ती म्हणाली. “आनि बटनवर दात काढेल व्हतात. मांगे बठ्ठ्या बाया उभ्या. बठ्ठासमोर सांगू का, माले दात नहीत म्हनीसन? दाबी दिधं मंग.” सगळ्यांसमोर दात नाहीत असं कसं सांगायचं, म्हणून तिनं दाबून टाकलं होतं.

भाऊंनी कपाळावर हात मारून घेतला. “आठ दिवस मी इथं बसलो, अक्का. पदर तोंडावर असायचा. मला वाटायचं, धुळीसाठी.”

ते उठले आणि शेठच्या खोलीत गेले. मागोमाग मी. शेठ फार बोलणारे नव्हते. म्हणाले, “चूक कोणाची? एका शब्दात सांगा.”

“आमची,” भाऊ म्हणाले.

“बाईची नाही? माझा माणूस तर म्हणतो, तिनं दाबलं.”

“नाही. बटण चुकलं आणि जागा चुकली. जिथं तिला परीक्षा करताच येत नाही, तिथं आम्ही तिला उत्तर विचारलं.”

“जागा कोणी ठरवली होती?”

कागद माझ्या पर्समध्ये होता. ‘कोणी केलं? उभी राहा!’ असं छत्तीस वर्षं पोरींना दरडावणारी मी शेठसमोरच्या खुर्चीत घट्ट बसून राहिले. पर्सची चेन तेवढी उघडली, मिटली.

“आम्ही,” भाऊ म्हणाले.

शेठ म्हणाले, “खरं बोललात, बरं वाटलं. पण चुकायला माझ्याकडं माणसं आहेत, भाऊ. त्यासाठी मशीन कशाला घेऊ?”

संध्याकाळच्या आत भाऊंनी स्वतः स्क्रू काढून स्क्रीन उतरवला. केवळबाई मुकादम राहिली. बाकीच्या तीन गिरण्यांनी काही कळवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

त्या कागदाच्या जोरावर भाऊंनी स्वतःला आणि आम्हाला वाचवायला हवं होतं का, यावर मी पुष्कळ दिवस स्वतःशी भांडले. बाईला घालवलं असतं तरी गिरणीला तिच्यासारखी दुसरी मिळाली असती, असं एक मन म्हणे. मिळाली नसती, असं दुसरं. तिसरं मन चुन्याच्या रेघेपाशी जाऊन उभं राहायचं, त्याला मी हाकलून लावायचे.

तीन महिन्यांत आवरलं. दीपालीला पुण्यात नोकरी लागली. चक्कीवाल्यानं मिरची कांडायचं यंत्र वर चढवलं. भाऊ आईजवळ सोनगीरला राहायला निघाले. आई दवाखान्यातून आधीच गावी गेल्या होत्या, राहिलेली दोन खोकी घेऊन भाऊ धुळ्याच्या बसनं जाणार होते. मी स्टँडवर गेले. बोलायचं घरून ठरवून गेले होते, शाळेत भाषण पाठ करायचे तसं पाठ करून. खोकी बसमध्ये चढवून झाली, पाण्याची बाटली देऊन झाली, आणि पाठ केलेलं सगळं गेलं.

“भाऊ,” मी म्हटलं, “तो स्क्रीन दाराशी मी लावला होता. तुम्ही झाडाजवळ सांगितलं होतं.”

“हो का?” भाऊ म्हणाले. “मला वाटलं, मीच फोनवर तसं सांगितलं तुम्हाला. आईच्या गडबडीत.”

“नाही. मी लावला.”

“असेल मग.” त्यांनी खोकं सीटखाली सरकवलं. “पण रेघ सरळ मारली होती बरं का तुम्ही. मी पाहिली.”

त्यांना आधीपासून ठाऊक होतं, की खरंच आठवत नव्हतं, की मला वाचवत होते? चेहऱ्यावरून काही कळेना. रागावले असते तर निदान मला रडता आलं असतं. मी नुसतंच म्हटलं, “जपून जा.” कंडक्टरनं घंटी मारली आणि मी खाली उतरले.

बस वळली तेव्हा खिडकीतून ते दिसले. कंडक्टर शेजारी उभा. भाऊ त्याच्या गळ्यातल्या तिकिटाच्या मशीनकडं बोट दाखवून काहीतरी विचारत होते. कंडक्टरनं आधी मान झटकली. मग काय वाटलं कोण जाणे, त्यानं पट्टा गळ्यातून काढला आणि मशीन भाऊंच्या हातात दिलं. भाऊंनी ते उलटं केलं, नाकाशी नेलं. माझ्याकडं काही त्यांनी पाहिलं नाही. बस रस्त्याला लागली तरी माझा हात वरच होता.

एक रिक्षा समोर येऊन थांबली. “बसा आजी. कुठं जायचं?”

आजी! इतक्या वर्षांत रस्त्यावर कोणी म्हटलं नव्हतं. त्याला दोन शब्द सुनवावेत असं मनात आलं, पण हात खरोखरच वर होता. बसले.

“पिंप्राळा,” म्हणाले.

“पिंप्राळ्यात कुठं?”

‘चक्कीच्या वर’ असं तोंडाशी आलं होतं, पण तिथं आता मिरची. “चल तू,” मी म्हटलं. “तिथं गेल्यावर सांगते.”